एकशे चौऱ्याहत्तरावा चौकोन

"हे सगळं एकदम हिरवं व्हायला पाहिजे," पडद्यासमोर उभं राहून राजशेखर दुधनीकर म्हणाले. "एकेक करून नाही. पाहुण्यांनी बटण दाबलं, की सगळं हॉस्पिटल हिरवं. एका दमात."

पडद्यावर एकशे चौऱ्याहत्तर लाल चौकोन होते. एक चौकोन म्हणजे हॉस्पिटलमधला एक कॉम्प्युटर. केसपेपरच्या खिडकीपासून शवागारापर्यंत, पाच इमारतींमधले सगळे. सोलापुरातली मे महिन्यातली दुपार होती. सभागृहातला कूलर घरघरत होता आणि प्रोजेक्टरच्या झोतात उभ्या असलेल्या राजशेखरसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर दहा-बारा लाल चौकोन उमटले होते.

"तसं होणार नाही, साहेब," मी म्हणाले.

"का? टेक्निकल अडचण आहे?"

"अडचण नाही. मी ते तसं बनवलेलं नाही."

ते पडद्यासमोरून बाजूला झाले आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

उमाबाई दुधनीकर स्मारक रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात मला चौथं वर्ष चाललं होतं. वय एकोणतीस. नाव रेणुका येमूल. आमचे वडील यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. मी कॉम्प्युटर शिकले त्याचं त्यांना कौतुक होतं. पण मी नेमकं काय करते ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. समजायला अवघडच होतं. हॉस्पिटलच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की ती प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवायची, एवढंच ते काम. पण मी आले तेव्हा आमचे हेब्बाळे सर, मी आणि आणखी दोघं सीडी घेऊन पाचही इमारतींचे जिने चढत-उतरत होतो. एक फेरी पूर्ण व्हायला अकरा दिवस लागायचे. त्या अकरा दिवसांत अर्धं हॉस्पिटल नव्या प्रोग्रामवर आणि अर्धं जुन्या. ओपीडीत लिहिलेली रक्ततपासणी लॅबमध्ये दिसायची नाही. माणसं रक्त द्यायला रांगेत उभी आणि लॅबवाले म्हणायचे, तुमचं नावच नाही.

म्हणून मी 'वाटप' लिहिला. बसवण्याचं काम करणारा प्रोग्राम. प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याचा एक छोटा तुकडा बसलेला असायचा. दर पंधरा मिनिटांनी तो मुख्य कॉम्प्युटरला विचारायचा, माझ्याकडे काय असायला हवं? मुख्य कॉम्प्युटरकडे यादी असायची. रक्तपेढीला लेबल छापायचा भाग हवा, वॉर्डाला नको. एक्स-रेला फोटोचा भाग हवा, केसपेपरला नको. जे कमी असेल ते तो गुपचूप आणून बाजूला ठेवायचा, पूर्ण आलंय का तपासायचा आणि जुनं होतं तसं शाबूत ठेवायचा, म्हणजे काही बिनसलं तर दोन मिनिटांत मागे फिरता येईल. आणि मग, अगदी शेवटी, पडद्यावर एक छोटी खिडकी उघडायची. *नवीन आवृत्ती आली आहे. आता बसवू का?* खाली दोन बटणं. *हो. नंतर.*

ती खिडकी राजशेखरसाहेबांना नको होती.

"तसं बनवलेलं नाही म्हणजे?" ते म्हणाले. "ती खिडकी तुम्हीच लिहिलीय ना? मग काढा. शुक्रवारी अकराला कार्यक्रम आहे. आज मंगळवार. एवढा वेळ पुरेल?"

"वेळ अर्ध्या तासाचाही लागणार नाही. पण मी काढणार नाही."

हेब्बाळे सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी पाय काढून घेतला.

राजशेखरसाहेब वाईट माणूस नव्हते. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आज, बावीस वर्षांनीही म्हणते. आजीच्या नावाचं वीस खाटांचं प्रसूतिगृह त्यांनी तीनशे खाटांचं हॉस्पिटल केलं होतं. जुने कर्मचारी त्यांना मालक म्हणत आणि ते ऐकून ते लाजत. शुक्रवारी येणारे पाहुणे हैदराबादचे मोठे औषध-उद्योजक होते. डायलिसिसची बारा यंत्रं द्यायला ते तयार होते. पण त्यांना आधी बघायचं होतं, की हे हॉस्पिटल नव्या काळातलं आहे की नाही.

"येमूलबाई," साहेब खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, "अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून माणसं आठवड्यातून दोनदा पुण्याला जातात. एका डायलिसिससाठी. काही वाटेत मरतात. आणि तुमच्या एका खिडकीपायी मी ही यंत्रं घालवू?"

"खिडकी असली तरी पाहुण्यांना दिसेल, साहेब. चौकोन हिरवे होतीलच. थोडे मागे-पुढे होतील."

"मागे-पुढे म्हणजे ढिसाळ दिसतं. आम्ही ज्या मशीनला सांगतो ते ऐकतं, हे त्यांना दिसलं पाहिजे."

"मशीन ऐकतंच. मशीनसमोर बसलेल्या माणसाला विचारायचंय."

"तो आमचा पगारी माणूस आहे. त्याला काय विचारायचं?"

उत्तर होतं माझ्याकडे. पण ते माझ्या एकटीचं नव्हतं, म्हणून देता येत नव्हतं.

"उद्या चारला सगळ्या वॉर्ड इन्चार्जची बैठक आहे," ते उठत म्हणाले. "तिथे या. खिडकी काढूनच या."

बाहेर आल्यावर हेब्बाळे सर जिन्यातच थांबले. रिटायर व्हायला त्यांना दोन वर्षं होती. तोंडात कायम बडीशेप आणि कन्नड वळणाचं मराठी.

"का हो असं करता?" ते म्हणाले. "एक दिवस काढायची, कार्यक्रम झाला की परत लावायची. कुणाला कळणार आहे की?"

"मला कळेल, सर."

"तुम्हाला कळून काय होणार आहे? त्यांना राग आला तर तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये टाकतील. उंदीर आणि जुन्या फायली."

"टाकू द्या."

त्यांनी खिशातून आणखी बडीशेप काढून तोंडात टाकली. मग म्हणाले, "त्या बाळांच्या वॉर्डामुळं का?"

मला धक्का बसला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पंधरा महिन्यांपूर्वी तुम्ही ती खिडकी घातली. त्याच्या आदल्या दिवशी साळवे सिस्टर आपल्या खोलीत आल्या होत्या. मी बाहेर गेलो. परत आलो तर तुम्ही रडत होता. एवढं कळतंय की मला."

ते खाली उतरून गेले.

बुधवारी चार वाजता एकोणीस इन्चार्ज सिस्टर सभागृहात पांढऱ्या गणवेशात बसल्या होत्या. राजशेखरसाहेबांच्या शेजारी डॉक्टर कस्तुरे मॅडम होत्या, वैद्यकीय अधीक्षक. बारीक, काटेकोर बाई. चष्मा काढून टेबलावर ठेवला की समोरच्याला घाम फुटायचा.

साहेबांनी कार्यक्रम समजावून सांगितला. पाहुणे, दीपप्रज्वलन, बटण. मग माझ्याकडे वळले. "खिडकी काढली?"

"नाही, साहेब."

सभागृहात चुळबुळ झाली.

"बघा," साहेब सगळ्यांना म्हणाले, आवाज शांत ठेवून, "यांनी फार चांगला प्रोग्राम लिहिलाय. अकरा दिवसांचं काम एका दिवसावर आणलं. आता त्याच त्याच्या आड येतायत. म्हणे प्रत्येक मशीनवाल्याला विचारायचं." ते माझ्याकडे वळले. "दोन वर्षं तो प्रोग्राम चालतोय. त्या दोन वर्षांत त्यानं एकदा तरी काही घोटाळा केलाय? एकदा तरी? मग ही भीती कसली?"

मला एवढंच म्हणता आलं असतं, नाही साहेब, घोटाळा कधीच झाला नाही. ते म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता, आणि मीही वाचले असते.

"केलाय," मी म्हणाले.

कस्तुरे मॅडमनी चष्मा काढला. "कधी?"

"मागच्या वर्षी फेब्रुवारीत. तेव्हा खिडकी नव्हती. तेव्हा मी ठरवायचे आणि सगळीकडे एकदम बसायचं. साहेबांना हवंय तसंच." मी मॅडमकडे बघून बोलत राहिले. "सकाळी सव्वाअकराला मी नवी आवृत्ती सोडली. बाळांच्या अतिदक्षता विभागात एक सिस्टर तेव्हा औषधाचं प्रमाण काढत होत्या. वेळेआधी झालेलं बाळ, एक किलो चारशे ग्रॅमचं. श्वास मधेच थांबत होता, त्याचं औषध. पडदा काळा झाला. दोन मिनिटांनी परत आला तेव्हा नवी आवृत्ती होती. जुन्यात बाळांची यादी खाटेच्या क्रमानं यायची. नव्यात दाखल झालेल्या तारखेनं. ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सिस्टरांनी सवयीनं तिसऱ्या ओळीवर बोट दाबलं. ते दुसरं बाळ होतं. तीन किलो दोनशेचं."

मॅडमनी मला पुढे बोलायची खूण केली.

"कॉम्प्युटरनं तीन किलोच्या हिशेबानं औषध सांगितलं. दुपटीहून जास्त. सिरिंज भरली गेली. सुई लावायला सिस्टर खाटेजवळ गेल्या, बाळाकडे बघितलं, मग सिरिंजकडे बघितलं, आणि थांबल्या. बाळाला काही झालं नाही. पण ते माझ्यामुळं नाही. माझ्याकडून झालं असतं."

"याची नोंद कुठे आहे?" कस्तुरे मॅडम म्हणाल्या. आवाज बर्फासारखा.

"नाही."

"म्हणजे लपवलं."

"हो. मी लपवलं."

"कुठल्या सिस्टर होत्या?"

"ते मी सांगणार नाही, मॅडम."

"तुम्ही सांगणार नाही?" राजशेखरसाहेब उभे राहिले. "तुमची नोकरी आत्ता कुठे उभी आहे कळतंय का तुम्हाला? खिडकी काढणार नाही. नाव सांगणार नाही. मग करणार काय तुम्ही?"

"एवढंच. या दोन गोष्टी."

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"माझं नाव घ्यायला तिला कसली बंदी आहे? मीच सांगते," सुवार्ता साळवे म्हणाल्या.

सुवार्ता सिस्टर मूळच्या नगरच्या. पंचावन्न वर्षांच्या, उंच, आडव्या बांध्याच्या. बाळांच्या विभागात एकवीस वर्षं. आवाज असा, की बाळं झोपायची आणि डॉक्टर जागे व्हायचे.

"सिरिंज मी भरली होती," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी नाही. एकवीस वर्षांत असं माझ्या हातून पहिल्यांदा झालं. त्या सिरिंजवरचं लेबल मी जपून ठेवलं आणि या पोरीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. म्हटलं, हे तुझं की माझं?"

"आणि?" मॅडम म्हणाल्या.

"आणि तिनं सांगितलं, माझं. मी म्हटलं, नाही गं, दोघींचं. तू मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं दहा मिनिटं थांब. आणि मी त्या यादीवरचं नाव वाचलं असतं तर तू कितीही गोंधळ घातलास तरी काही झालं नसतं. तिनं दुसऱ्या दिवशी ती खिडकी लावली. मी त्या दिवसापासून प्रत्येक बाळाचं नाव मोठ्यानं वाचते, पायातल्या पट्टीवरचं. विचारा माझ्या पोरींना."

"पण मला का सांगितलं नाही? पंधरा महिने!"

सुवार्ता सिस्टरांनी पहिल्यांदाच नजर खाली घातली. "भ्याले, मॅडम. तुम्ही तो चष्मा काढून ठेवता ना, त्याला भ्याले. ते चुकलंच. त्याचा मेमो द्या, मी घेईन."

कस्तुरे मॅडमनी टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिलं. उचलून डोळ्यावर चढवला.

"दोघींनाही मेमो जाईल," त्या म्हणाल्या. "पण मालक, हे ऐकल्यावर मी तरी ती खिडकी काढा असं म्हणणार नाही."

"मॅडम, हा एक दिवसाचा कार्यक्रम आहे!" राजशेखरसाहेबांचा आवाज चढला. ते हेब्बाळे सरांकडे वळले. "हेब्बाळे, तुम्ही विभागप्रमुख आहात. तुम्ही काढा ती खिडकी. आज."

हेब्बाळे सर उभे राहिले. तोंडातली बडीशेप त्यांनी गिळली.

"मला तो प्रोग्राम येत नाही की, मालक."

"येत नाही?"

"नाही. या मुलांचं नवीन शास्त्र आहे. आम्ही जुनी माणसं. हात लावला आन् बिघडलं तर शुक्रवारी काहीच दिसायचं नाही."

'वाटप'ची प्रत्येक ओळ हेब्बाळे सरांनी वाचली होती. वाटपाची यादी मुख्य कॉम्प्युटरवरच्या एकाच फाइलमध्ये ठेवायची, ही कल्पनाही त्यांचीच होती. माझ्या दोन चुका त्यांनी पेन्सिलीनं खुणा करून मला दाखवल्या होत्या. मी खाली मान घालून बसले. वर बघितलं असतं तर चेहऱ्यावरून पकडले गेले असते.

राजशेखरसाहेबांनी खोल श्वास घेतला. "ठीक आहे. खिडकी राहू दे. पण शुक्रवारी अकराच्या ठोक्याला एकशे चौऱ्याहत्तर मशीनवर एकशे चौऱ्याहत्तर माणसं बसलेली असतील आणि सगळी एकदम 'हो' दाबतील. हा हुकूम समजा."

इन्चार्ज सिस्टरांनी माना डोलावल्या. सुवार्ता सिस्टर अजून उभ्याच होत्या.

"माझं मशीन तेव्हा रिकामं असलं तर दाबीन, साहेब," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

शुक्रवारी सभागृहात झेंडूच्या माळा होत्या. पाहुणे साठीतले, शांत, पांढऱ्या सफारीतले. त्यांच्याबरोबर चार माणसं. पत्रकार होते. मी मुख्य कॉम्प्युटरशी बसले होते आणि शेजारी हेब्बाळे सर. पडद्यावर तेच एकशे चौऱ्याहत्तर लाल चौकोन.

अकरा वाजून चार मिनिटांनी पाहुण्यांनी बटण दाबलं.

आणि खरं सांगते, ते फार सुंदर दिसलं. आधी केसपेपरच्या सगळ्या खिडक्या हिरव्या झाल्या, सहा चौकोन एका रांगेत. मग औषधांचं दुकान. मग वॉर्ड, एका मागोमाग एक, जणू कुणी ताटात हिरवे मूग मूठ-मूठ पसरतंय. टाळ्या सुरू झाल्या. दोन मिनिटांत दीडशे चौकोन हिरवे. रक्तपेढी पाच मिनिटं लाल राहिली, मग झाली. ऑपरेशन थिएटरचे दोन राहिले होते, तेही झाले. कॅज्युअल्टी सगळ्यात शेवटी, सोळा मिनिटांनी.

एकशे त्र्याहत्तर. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन लाल होता.

बाळांचा अतिदक्षता विभाग.

मग पाहुण्यांबरोबरचा एक जण बोट दाखवून काहीतरी म्हणाला आणि राजशेखरसाहेब हसत माझ्या टेबलापाशी आले. हसू तसंच ठेवून, ओठ न हलवता म्हणाले, "फोन करा."

मी फोन लावला. दुसऱ्याच रिंगला सिस्टरांनी उचलला. मागे कुठेतरी मॉनिटर एकसारखा वाजत होता आणि बाळाचा श्वास थांबतोय, असं कुणीतरी ओरडत होतं.

"सिस्टर, मी रेणुका. घेऊ का?"

"नाही."

"किती वेळ लागेल?"

"मला माहीत नाही, गं," त्या म्हणाल्या. "थांब." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारलं.

"थांबायला सांगितलंय."

"तुमच्याकडे इथून करायची सोय असेलच."

होती. बंद खोल्यांमधल्या, जिथे कुणीच बसत नाही अशा मशीनसाठी मी ती ठेवली होती. एक ओळ टाइप करायची, त्या मशीनच्या वतीनं मीच 'हो' म्हणायचं. सोय नाही, असं खोटं बोलता आलं असतं.

"आहे," मी म्हणाले.

"मग करा."

"नाही."

"येमूलबाई." आता हसू गेलं होतं. "बारा यंत्रं. तुम्हाला कळतंय ना? बारा. वर्षाला किती माणसं जगतील याचा विचार करा आणि मग ती ओळ टाइप करा."

मी विचार केला. सांगायला हवं, की केला. ती बारा यंत्रं मला दिसत होती, त्यांच्या शेजारी झोपलेली माणसंही दिसत होती. माझे हात कीबोर्डवर होते. हेब्बाळे सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि कीबोर्ड माझ्या हाताखालून काढून घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

मी उभी राहिले. मला भाषणाची सवय नव्हती.

"साहेब," मी पाहुण्यांना म्हणाले, हिंदीत, मोडक्यातोडक्या. "तो लाल चौकोन म्हणजे नवजात बाळांचा विभाग. तिथल्या सिस्टर आत्ता त्या मशीनवर काम करतायत. एक बाळ अत्यवस्थ आहे. त्यांनी नाही म्हटलंय. त्या हो म्हणेपर्यंत आम्ही हात लावणार नाही. हे बिघडलेलं नाही. हे असंच बनवलंय."

पाहुणे माझ्याकडे बघत राहिले. मग राजशेखरसाहेबांना इंग्रजीत म्हणाले, बाकीच्या इमारती बघू या. सगळे उठले. पत्रकार उठले. कुणीतरी बाहेरून सभागृहाचं दार ओढून घेतलं.

आम्ही दोघं बसून राहिलो. बारा वाजले. जेवणाचे डबे आले, ते तसेच राहिले. साडेबारा. पडद्यावर कोपऱ्यात तो लाल चौकोन. हेब्बाळे सरांनी कीबोर्ड परत दिला नव्हता.

"जाऊन बघू का?" मी विचारलं.

"काय बघणार? त्यांना सांगायचं असेल तेव्हा सांगतील."

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मागचा आवाज आता नव्हता.

"रेणुका," सुवार्ता सिस्टर म्हणाल्या, "आता घे. आता मशीन रिकामं आहे."

मी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी फोन ठेवला. पडद्यावर तो चौकोन हिरवा झाला. एकशे चौऱ्याहत्तर.

दार उघडलं. राजशेखरसाहेब एकटेच आत आले. पाहुणे गेले होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"झालं शेवटी," ते म्हणाले.

"हो."

"सव्वादोन तास. एका मशीनसाठी. काय झालं होतं तिथे?"

"बाळ गेलं असावं, साहेब. सिस्टर एवढंच म्हणाल्या, आता मशीन रिकामं आहे."

ते पडद्याकडे बघत उभे राहिले. मग पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसले, पाहुण्यांच्या खुर्चीत. गळ्यात हार अजून होता. तो त्यांनी काढून मांडीवर घेतला.

"आईवडील कुठले?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, साहेब."

ते उठून बाहेर गेले. नंतर कळलं, ते सरळ बाळांच्या विभागात गेले होते.

हे वाचून कुणाला वाटेल, की मग सगळं बदललं. तसं नव्हतं. ती बारा यंत्रं आली नाहीत. त्या पाहुण्यांनी ती दुसऱ्या जिल्ह्यात दिली. डायलिसिसची इमारत आमच्याकडे तीन वर्षांनी झाली, दुसऱ्याच लोकांच्या मदतीनं. मधल्या तीन वर्षांत पुण्याच्या वाटेवर किती माणसं गेली हे मी कधी मोजलं नाही. पण ती गेली, आणि त्यात माझाही वाटा आहे. हे मी विसरलेले नाही. मला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. अकरा महिने होते मी तिथे. जूनमध्ये पुण्याच्या कंपनीचा एक इंजिनिअर ती खिडकी काढायला आला, तेव्हा कस्तुरे मॅडमच्या टेबलावर एकोणीस इन्चार्जच्या एकोणीस चिठ्ठ्या होत्या: आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या मशीनला हात लावू नये. तो चहा पिऊन परत गेला.

पण ते नंतरचं. त्याआधी सोमवार आला.

सोमवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये मेमो माझ्यापुढे ठेवलेला होता. वरिष्ठांच्या स्पष्ट आदेशाचं उल्लंघन का केलं, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा. साहेबांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"चोवीस तास नकोत," मी म्हणाले. "पेन द्या."

त्यांनी दिलं. मेमोखालच्या कोऱ्या जागेत मी लिहिलं: *सिस्टरांना विचारलं. त्या नाही म्हणाल्या. थांबले.*

त्यांनी कागद फिरवून वाचला.

"एवढंच?"

"एवढंच."

"क्षमस्व वगैरे काही नाही?"

"मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीबद्दल आहे. ते वेगळ्या कागदावर लिहून मॅडमकडे दिलंय. यासाठी नाही."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "सही राहिली," ते म्हणाले.

मी सही केली. रेणुका नरसय्या येमूल, पूर्ण नाव.